नीलम्माची जागा आणि रोमची कुपी

लातूर वेगळा जिल्हा झाला, हे नीलम्मा बळेगारणीला कळलं ते चुन्याच्या रेघेवरून. त्याआधी बँड वाजला होता, पेढे वाटले गेले होते, चौकात कमान उभी राहिली होती. पण बँड काय, कुणाच्याही वरातीत वाजतो. जिल्ह्याचं वय तीन-एक वर्षांचं झालं, पाऊस मात्र त्याच्या बारशालाच आला तेवढा, पुन्हा फिरकला नाही. आणि अशा एका कोरड्याठाक दिवशी दोन माणसं साखळी घेऊन आली. त्यांनी रस्ता मोजला आणि नीलम्मा ज्या निंबाखाली बांगड्यांची पाटी मांडून बसायची, त्या निंबाच्या मागून पांढरीफटक रेघ ओढून ती निघून गेली. रेघेच्या अलीकडचं सगळं रस्त्यात. म्हणजे निंब रस्त्यात, निंबाखालचा दगड रस्त्यात आणि त्या दगडावर मांडी घालून बसलेली नीलम्माही रस्त्यात.

"नवा जिल्हा हाय बाई," साखळीवाला जाता जाता म्हणाला. "रस्ता मोठा पायजे."

"जिल्हा नवा झाला तर मव्हा दगड जुना व्हतो का रं?" नीलम्मानं विचारलं. पण साखळी तोवर पुढच्या वळणाला पोचली होती.

नीलम्मा उदगीरकडची. लिंगायताची लेक, लिंगायताची सून. बांगड्या भरणं हे सासरचं काम, म्हणून बळेगार. सासू सरली तेव्हा तिनं मागं सोनंनाणं ठेवलं नाही. ती जागा ठेवून गेली. आणि बांगडीवालीला जागा म्हणजे काय हे रस्ता मोजणाऱ्याला कळायचं नाही. खेड्यावरून येणाऱ्या बायका बांगडीवालीचं नाव लक्षात ठेवत नाहीत. "निंबाखालची," एवढंच म्हणतात. आई लेकीला सांगते, लेक नणंदेला सांगते, आणि एक दिवस कुणीतरी अनोळखी पोर लग्नाचा चुडा भरायला बरोबर त्या निंबाशी येऊन उभी राहते. नीलम्माला त्या निंबावरून उठवून पल्याडच्या पत्र्याच्या गाळ्यात नेऊन बसवलं असतं, तर ती नीलम्मा राहिली असती. बांगडीवाली राहिली नसती.

काम मात्र तिचं वाखाणण्यासारखं. बाईचा हात हातात घ्यायची, पंजा असा चेपायची की अंगठ्याचं हाड तळव्यात मुरून जावं, आणि तेवढ्या वेळात तिला बोलण्यात अशी गुंगवायची की बांगडी मनगटात गेल्यावरच बाईला दुखल्याचं कळायचं. "कूड्री अक्का, कूड्री, बस अशी. सासू कशी हाय? जिती हाय? अरारा!" बाई हसायची, बांगडी चढायची. एखाद-दुसरी फुटली तरी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. तेवढा मान काचेला द्यावाच लागतो. आणि हात फारच राठ असला, खडी फोडून, माती उपसून गाठी पडलेला असला, तर नीलम्मा कमरेच्या पिशवीतून एक कुपी काढायची. बोटभर लांबीची. पोट लहानशा वांग्यासारखं, त्यावर लांबच लांब मान. तिच्यातून तेल थेंबभरच पडायचं, धार लागायची नाही. दुष्काळात तेलाचा थेंब म्हणजे लाखमोलाचा. तसली काटकसरी बाटली गावात दुसरी नव्हती.

कुपी आली होती पंचशीलाकडून. पंचशीला औशाच्या अलीकडं तलावाच्या कामावर होती. ऐन पावसाळ्यात तलाव खोदायचं काम चालू होतं, यावरून पावसाची काय गत होती ते कळावं. मातीच्या टोपल्यात तिला ही कुपी दिसली. तिनं ती पदरात टाकली आणि आठवड्याच्या बाजारी येऊन नीलम्मासमोर ठेवली. लेकीसाठी हिरव्या बांगड्या पाहिजे होत्या. पंचमी तोंडावर आली होती.

"कशाची गं ही?" नीलम्मानं वास घेतला.

"मातीची," पंचशीला म्हणाली. "म्हंजे मातीत व्हती. बघ ना अक्का, कशी चमकून राहिली, कबुतराच्या मानेवानी."

खरंच, कुपीवर एक पापुद्रा होता. उन्हात धरली की जांभळा, मोरपिशी, पिवळा असे रंग पळायचे. नीलम्माच्या मते तो कळकटपणा होता. वर्षानुवर्षं न घासलेल्या भांड्याला चढतो तसला. पण मान लांब होती, थेंब नेमका पडत होता. तिनं पंचशीलाच्या लेकीला मनगटभर बांगड्या दिल्या आणि कुपी कमरेला लावली.

पंचमीच्या आधी नांदेडहून सिंधुताई माहेरी आल्या, त्या रीतीप्रमाणं निंबाखाली. मागं त्यांचे यजमान, शेषेराव सर. हे नांदेडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. वर्गात मुलं मोजकी, त्यातली बरीचशी पंख्याखाली बसायला येणारी. त्यामुळं सरांना कुणी ऐकणारं भेटलं की त्यांना भरून यायचं. नीलम्मानं सिंधुताईंच्या हाताला तेल लावायला कुपी काढली मात्र, सर दगडावरून उठून उभे राहिले.

"बाई, ती जरा बघू."

"तेल हाय गुर्जी, हाताला लागंल."

"लागू द्या."

सरांनी कुपी उन्हात धरली. उलटी केली. बुडाला बोट लावलं. काठावरून नख फिरवलं. मग नीलम्माकडं असं पाहिलं, की जणू तिच्या कमरेच्या पिशवीतून साप निघाला आहे.

"ही रोमन आहे."

"कोण आहे?" सिंधुताईंनी विचारलं. त्यांचा हात नीलम्माच्या मुठीत अडकलेला होता.

"रोमची. समुद्रापलीकडं मोठं राज्य होतं, तिथली. दोन हजार वर्षांची तरी असेल. तेरच्या बाजारात त्या काळी तिकडचा माल यायचा, आणि तेर इथून लांब ते किती! ही फुंकून केलेली आहे, बाई. काच फुंकून."

नीलम्मानं सिंधुताईंच्या मनगटात बांगडी ढकलली आणि मगच बोलली. "गुर्जी, म्या जलम काचेत काढला. काच वाढती. फुंकल्यानं काय व्हतंय? चूल पेटती."

सरांना तेवढंच पाहिजे होतं. ते त्याच संध्याकाळी नीलम्माच्या घरी हजर झाले. चुलीशेजारची लोखंडी फुंकणी त्यांनी मागून घेतली आणि गुळाचा पाक करायला लावला, चांगला गोळीबंद. दुष्काळात पाहुण्यानं गूळ जाळायला सांगावा, हे नीलम्माला पटलं नव्हतं; पण तिचा नवरा वीरण्णा फारच उत्साहात होता. वीरण्णा हा बसणारा माणूस. बायकोच्या पाटीवर छत्री धरून बसायचा, छत्री नसली तरी बसायचा. गुळाच्या वासानं तो उठून चुलीपाशी येऊन बसला, ही त्याच्या मानानं मोठी हालचाल.

"आता बघा," सर म्हणाले. "समुद्रकाठची वाळू आणि तिकडचा एक खार, दोन्ही भट्टीत वितळवायचे. त्याची काच होते, पाकासारखीच पातळ. फुंकणीच्या टोकाला गोळा उचलायचा आणि फिरवत राहायचा. थांबलात की गळाला." त्यांनी फुंकणी पाकात बुडवून फिरवली. पाकाचा गोळा टोकाला धरला. "आता हा पाट्यावर लोळवायचा. त्यांच्याकडंही असाच गुळगुळीत दगड असायचा. आणि आता हळूच…"

सरांनी गाल फुगवले. गोळ्यात बोराएवढा फुगा आला. नीलम्माचे हात आपसूक पुढं झाले, बाळंतिणीच्या पोराला झेलावं तसे.

"खाली झोका दिला की मान लांबते," सर धापा टाकत म्हणाले. "मग बुडाला दुसरी सळई चिकटवायची, फुंकणीपाशी ओलं गार लोखंड टेकवून मान तोडायची, आणि तोंड पुन्हा आगीत धरून काठ आत दुमडायचा. तुमच्या कुपीचा काठ बघा, पोकळ आहे, दुमडलेला. पोटातले बुडबुडे बघा, गोल. मानेतले लांबट. का? मान ओढली म्हणून. त्याच्याआधी काय करायचे ठाऊक आहे? शेण-मातीचा गाभा करून त्याच्याभोवती काचेचा दोर गुंडाळायचे, मग आतली माती खरवडून काढायची. एक बाटली करायला जन्म जायचा. फुंकायची युक्ती निघाली आणि काच स्वस्त झाली. राण्यांच्या घरातली वस्तू बाजारात आली. असल्या कुपीत सुगंधी तेल भरून साध्या बायका वापरायच्या."

"म्हंजे तेलाचीच हाय की," नीलम्मा म्हणाली. "मंग म्या काय येगळं करून राहिले?"

सर फुंकणी फिरवायची विसरले. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. तेवढ्यात फुग्याला तडा गेला, गरम पाक त्यांच्या ओठाला लागला आणि उरलेली कुपी वीरण्णानं खाल्ली. लातूर जिल्ह्यात तयार झालेली पहिली रोमन वस्तू अशी पोटात गेली.

शेषेराव सरांनी ही बातमी गुरुपादप्पांच्या कानावर घातली, आणि तिथून गोष्ट नीलम्माच्या हाताबाहेर गेली. गुरुपादप्पा आडते, वीरण्णाचे लांबचे भाऊबंद. शहरात कोणतीही समिती होवो, तीत एक खुर्ची त्यांची असे, आणि ती पहिल्या रांगेतली. सध्या ते जिल्ह्याच्या वाढदिवसाच्या प्रदर्शन समितीचे मुख्य होते. प्रदर्शनात सुधारित बियाणं होतं, पवनचक्कीचा नमुना होता, दोन डोक्यांचं वासरू बाटलीत होतं. नव्हता तो इतिहास. मुंबईहून जुन्या वस्तूंचे जाणकार असे मोठे साहेब येणार होते आणि त्यांना दाखवायला जिल्ह्याकडं काही जुनं नव्हतं.

"उस्मानाबादेतून फुटून निघालो," गुरुपादप्पा सर्वांना सांगत, "वाटणीत तेर तिकडं गेलं. आपल्या वाटणीला काय आली? तूर! आता तूर कपाटात मांडावी का?"

ते स्वतः निंबाखाली आले. लिंगायती रीतीनं हात जोडून नमस्कार केला आणि दगडावर रुमाल पसरून बसले.

"शरणार्थी वैनी. ती कुपी द्या. जिल्ह्याचं नाव होईल."

"जिल्ह्याला नाव हाय की भावजी. मव्हं काय व्हईल ते सांगा."

"तुम्हाला काय पायजे?"

"ती चुन्याची रेघ निंबाच्या म्हागून गेलीय. ती म्होरून जावी."

"रेघ सरकारी असती वैनी. ती सरकत नसती."

"मंग कुपी बी सरकत न्हाई. ती माही हाय."

गुरुपादप्पांनी कपाळाची विभूती सारखी केली. मोठे साहेब खूश झाले तर एका शब्दानं रेघ वळते, हे त्यांना ठाऊक होतं. तसल्या शब्दावर त्यांची अर्धी आडत चालत होती. "साहेबाच्या मनात भरली," ते म्हणाले, "तर रेघ निंबाला वळसा घालून जाईल. माझा जिम्मा. न्हाई भरली, तर गाडा-कुऱ्हाड घेऊन रस्त्याचे लोक दुसऱ्याच दिवशी येणार हायत, माझ्याच्यानं थांबायचे न्हाईत."

"बोली झाली," नीलम्मा म्हणाली.

त्याच दिवशी उन्हं कलता पंचशीला आली, अंगभर तलावाची पांढरी माती घेऊन.

"अक्का, ती बाटली म्हणं लई जुनी निघाली."

"हाव. रोमची हाय. तुला अजून बांगड्या पायजेत का?"

"बांगड्या नकोत. आमच्या तलावाचं नाव घिऊ नको." पंचशीला खाली बसली. "मागं पल्याड नाल्याच्या कामावर दगडाची मूर्ती निघाली. लगेच भवती काटेरी तार मारली अन् काम बंद. बाया घरी बसल्या, चूल बी बसली. कुणी तपासायला आलं न्हाई का गेलं न्हाई. आमच्या तलावावर अख्खी वस्ती हाय अक्का. त्यो बंद झाला तर आम्ही काय रोम खावं?"

नीलम्मानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "हेची आन. तुव्हा तलाव मव्ह्या तोंडात यायचा न्हाई."

आन घ्यायला काही पडत नाही. तोपर्यंत तिला सरांखेरीज कुणी काही विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी प्रदर्शन. आणि आदल्या दुपारी नीलम्मानं ते केलं, जे तिच्या जागी तिच्या जातकुळीतल्या, शेजारपाजारच्या कोणत्याही बाईनं केलं असतं. शिवरात्रीची जत्रा आली की समई, घंगाळ, तांब्या, सगळं राखेनं आणि चिंचेनं घासून लख्ख करायचं. चार माणसांत जाणारी वस्तू कळकट गेली तर लोक वस्तूला नावं ठेवत नाहीत, घरच्या बाईला ठेवतात. आणि ही तर साहेबाच्या कपाटात जाणार. टँकरचं पाणी वाड्याच्या वाटणीला घागरभर आलं होतं, त्यातलं तांब्याभर तिनं बाजूला काढलं. कुपी रात्रीपासून रिठ्यात भिजत ठेवली होतीच. बाहेरून राख. आत बारीक वाळू घालून गदगदा हलवली. पापुद्रा माशाच्या खवल्यासारखा सुटत गेला, राखेच्या पाण्यात मोरपिशी कण तरंगले. ते तिनं कढीलिंबाच्या बुडाशी ओतले. मग कुपी पदरानं पुसून उन्हात धरली. काच नितळ, किंचित हिरवट, जणू आज सकाळी दुकानातून आणलेली.

"बघा," ती वीरण्णाला म्हणाली. "उगंच रोमच्या बायांची इज्जत गेली असती."

प्रदर्शनाच्या सकाळी कपाटात मखमल घातली होती. मखमलीवर कुपी ठेवली आणि आलेला पहिलाच माणूस म्हणाला, "ही कशाला मांडली? आमच्या घरी बाळगुटीच्या हायत की असल्या." दुसरा म्हणाला, दवाखान्यातली आहे. तिसऱ्यानं ती कुठल्या फाट्यावरच्या अत्तरवाल्याकडं मिळते तेही सांगितलं. गुरुपादप्पा घामाघूम झाले.

"वैनी, ही बदलली का काय तुम्ही?"

"बदलीन कशाला? घासली."

शेषेराव सरांची गाडी नांदेडहून येताना रखडली होती, ते तेव्हा धावत आले. कपाटापाशी थांबले. बघितलं. आणि पायरीवर बसले.

"तो थर कुठं आहे?"

"कळकट व्हती गुर्जी. साफ केली."

"बाई," सर अगदी हळू बोलले, "तो कळकटपणा नव्हता. काच इतकी शतकं ओल्या मातीत राहिली की तिच्यातला खार थोडा थोडा निघून जातो, पापुद्रे सुटतात, त्यांच्यातून उजेड फुटून रंग दिसतात. तो तिच्या वयाचा दाखला होता. तो माणसाला करता येत नाही."

नीलम्माचा चेहरा पडला. तिला समोर निंब दिसला, आणि निंबाला टेकवलेला गाडा.

"पण तुम्ही वळखलं की! काठ दुमडलेला हाय, बुडबुडे हायत. तुम्ही सांगा सायबाला."

"सर ओळखतात हो," गुरुपादप्पा खेकसले. "सर नांदेडचे. साहेब मुंबईचे. ते लांबून बघणार, दोन मिनिटं बघणार. त्यांना दोन मिनटांत जुनं दिसलं पायजे. वैनी, दुपारी साहेब येतो. तंवर ही बाटली जुनी करा. न्हाईतर रेघ विसरा."

आणि मग प्रदर्शनाच्या मागच्या खोलीत, दोन डोक्यांच्या वासराच्या रिकाम्या खोक्यावर बसून, नीलम्मानं खऱ्या रोमन कुपीला रोमन करायला घेतलं. चुलीचं काजळ आणवलं. डिंक खलला. लाखेच्या बांगड्यांवर लावायची मोरपिशी चमकी तिच्या पिशवीत असायचीच. ती बोटाच्या टोकानं, फुंकर मारत, एकेक कण बसवत गेली. वर चिमूटभर माती.

"हे पाप आहे," सर दारात उभे राहून म्हणाले. "खऱ्या वस्तूला आपण खोटं करतोय."

"नवरीला हळद लावत्यात गुर्जी," नीलम्मा मान वर न करता म्हणाली, "म्हणून नवरी काय खोटी व्हती?"

सरांनी दार आतून ओढून घेतलं.

साहेब आले. गर्दी कमी पडू नये म्हणून समितीनं तलावावरच्या बायका ट्रकमध्ये घालून आणल्या होत्या. त्या दारापाशी दाटीनं उभ्या होत्या, त्यांत पंचशीलाही. साहेबांनी बियाणं बघितलं, पवनचक्की बघितली, वासराकडं बघितलं नाही, आणि कपाटापाशी थांबले. खिशातून भिंग काढलं. कुपी उचलताना त्यांच्या हातून निसटते की काय असं झालं.

"वाढंल की!" नीलम्मा ओरडली. साहेबांना समजलं नाही, पण त्यांनी कुपी दोन्ही हातांत धरली.

"अहाहा," साहेब म्हणाले. "ही झळाळी बघा. ही झळाळी कुणी करू म्हटलं तर होणार नाही. ही फक्त काळ करतो."

नीलम्मानं दोन्ही हात पदराखाली घेतले. नखांत अजून काळ अडकलेला होता.

"प्राध्यापक, तुमचं काय मत?"

"रोमन आहे," शेषेराव सर म्हणाले. जन्मात त्यांनी इतकं खरं वाक्य इतक्या लाजेनं उच्चारलं नव्हतं.

गुरुपादप्पांनी लगेच पुढं होऊन रस्त्याचा, निंबाचा आणि रेघेचा विषय काढला. गरीब बाई आहे, जिल्ह्याला वस्तू दिली, तिची तेवढी जागा राहू द्यावी. साहेब मान डोलवत होते. "होईल, होईल. एवढं तर व्हायलाच पाहिजे." रेघ वळली होती. आता फक्त चुना आणायचा राहिला होता.

"पण एक," साहेब म्हणाले. "ही सापडली कुठं? वस्तूपेक्षा जागा मोठी असते. जिथं मिळाली तिथं जे काही खोदकाम, बांधकाम चालू असेल ते आजच्या आज थांबवा. तार घाला. कुणी पाऊल टाकायचं नाही."

दारापाशी बायकांची चुळबूळ थांबली. पंचशीलाचा चेहरा पदराआड गेला.

गुरुपादप्पांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सरांकडं बघितलं. सरांना ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी नीलम्मानं त्यांना तलावाचं सांगितलं होतं, आणि तो तलाव बघण्यासाठी त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता. त्यांचं तोंड उघडलं.

"मव्ह्या जाग्यावर," नीलम्मा म्हणाली.

"कुठं?"

"निंबाखाली. म्या बसते तित्तं. बसायचा दगड हलत व्हता, म्हणून खालची माती उकरली. तर ही निघाली."

सरांनी तिच्याकडं बघितलं. ती त्यांच्याकडं बघत नव्हती. समोरच्या पवनचक्कीकडं बघत होती, जी वारा नसताना माणूस हातानं फिरवत होता.

"खरं का प्राध्यापक?"

सरांनी पाण्याचा पेला उचलला. सगळा पेला पिऊन झाला तरी प्रश्न तिथंच उभा होता.

"बाई तिथं रोज बसतात," सर म्हणाले. "जागेचं त्यांना जास्त माहीत."

"शहराच्या मधोमध!" गुरुपादप्पांना आनंद आवरेना. "साहेब, म्हणजे लातूरच मूळ! तेर-बीर सगळं नंतरचं!"

दुसऱ्या दिवशी निंबाभोवती काटेरी तार आली. गाडा आला नाही, कुऱ्हाड आली नाही. रस्ता आखणाऱ्यांनी जुनी रेघ पुसली आणि नवी काढली, ती तारेला मोठा वळसा घालून गेली. निंब वाचला, दगड वाचला, उभ्या जिल्ह्यात सर्वात राखलेली जागा म्हणून ती जागा वाचली. फक्त तिच्यात बसायची आता कुणालाच परवानगी नव्हती. नीलम्मानं पाटी उचलली तेव्हा गुरुपादप्पा म्हणाले, "वैनी, आपणच आपल्या तोंडानं…" आणि मागं सरले, कारण ती त्यांच्याकडं बांगडीच्या मापाला हात चेपतात तसं बघत होती.

जागेला राखणदार पाहिजे होता. दिवसभर एका ठिकाणी बसून राहील, कंटाळणार नाही, काही करणार नाही, असा माणूस हवा होता. त्यात वीरण्णाच्या तोडीचा उभ्या जिल्ह्यात दुसरा नव्हता. त्याला खाकी कपडे मिळाले, काठी मिळाली. पहिल्याच दिवशी तपासायला माणूस आला, तेव्हा वीरण्णानं काठी आपटून बायकोला दरडावलं, "ये बाई, हित्तं बसू नको, तारेपासून लांब सर!" माणूस गेल्यावर त्यानंच तिची पाटी तारेलगत ओढून दिली आणि सावली कुठवर येते ते बघून छत्री धरली.

तलावाचं काम चालू राहिलं. रविवारी कधी नांदेडहून शेषेराव सर यायचे, सासुरवाडीला म्हणून. पण औशाच्या बसमध्ये बसायचे आणि पंचशीलाच्या मागून टोपल्यांतल्या मातीत बघत हिंडायचे. बायका त्यांना मुकादमाचा नवा माणूस समजल्या होत्या. सापडलेली खापरं ते रुमालात बांधून न्यायचे. कुठं सापडली म्हणून मात्र त्यांना कधीच कुणाला सांगता आलं नाही.

नीलम्मा तारेबाहेर बसू लागली. बांगड्यांचे तोडे तारेच्या काट्यांना अडकवले की लांबून लुकलुकत. "निंबाखालची" म्हणून शोधत येणाऱ्या बायकांना तार आधी दिसायची, मग बांगड्या, मग ती. आणि धंदा वाढला, याला काय म्हणावं. दुष्काळ असो का काही असो, तार घातलेली जागा बघायला माणूस येतोच. बघून झाल्यावर बायकांना हात रिकामा घेऊन जायचं जीवावर यायचं.

एक दिवस खेड्यावरची एक नवी सून आली. तारेतून आत वाकून वाकून बघितलं. निंब, दगड, चार पानं.

"आत काय हाय वो मावशी?"

"काय बी न्हाई," नीलम्मा म्हणाली. "म्हणून तर राखण हाय. आण, हात आण."